काळा डाग परवडला

‘दुधाचेच दात, पडणारच आहेत’ म्हणत आपण पोरांची कीड वाढू देतो आणि ठणका लागला की त्यांना ड्रिलसमोर बसवतो. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइडचा थेंब यातून पुष्कळदा सुटका करतो. दात कोरडा करून इवल्या ब्रशने लावायचा, बस्स. चांदी जंतू मारते, फ्लोराइड मऊ पडलेला भाग टणक करतं. जपानात हे औषध कित्येक दशकं वापरात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. गोम अशी की किडलेला भाग कायमचा काळाकुट्ट होतो. आईबाप नेमके इथेच अडतात. पुढचा दात असला तर फोटोंचं काय! मला विचाराल तर खुर्चीत दाबून धरलेल्या चार वर्षांच्या पोराच्या किंकाळ्यांपेक्षा तो डाग परवडला. मात्र कीड नसेपर्यंत पोचून पू झाला असेल, तर हा थेंब कामाचा नाही.