कलेचा तास वेळापत्रकात आहे, शिक्षक कुठे आहे?

तामलवाडी (जि. धाराशिव) : सोलापूर-तुळजापूर महामार्गावरील या गावातून नवरात्र ते कोजागरी पायी निघालेल्या भाविकांची रीघ लागते. आराध्यांची गाणी आणि संबळाचा आवाज या भागातील मुलांच्या कानावर शाळेत नाव घालण्याआधीच पडतो. ग्रामीण शाळांत मात्र कलेचा तास अनेकदा गणिताच्या उजळणीत जातो.

नियम काय आहे?
कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण हे राज्याच्या अभ्यासक्रमातील रीतसर विषय आहेत. प्रगतिपुस्तकावर त्यांची श्रेणीही येते. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार सहावी ते आठवीसाठी, पट १०० पेक्षा जास्त असेल, तर या विषयांना अंशकालीन निदेशक हवेत.

अडचण कुठे?
मेख इथेच आहे. पट १०० च्या आत असेल, तर ही कायदेशीर हमी उरत नाही. वाडी-वस्तीवरच्या लहान शाळा नेमक्या याच गटात येतात. तिथे दोन-तीन शिक्षक सगळे वर्ग, पोषण आहार आणि ऑनलाइन माहिती भरणं सांभाळतात. कलेच्या वाट्याला स्नेहसंमेलनाआधीचे काही दिवस येतात.

दहावीला फायदा कोणाला?
इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेतील अ, ब, क श्रेणीसाठी दहावीला अनुक्रमे ७, ५ आणि ३ वाढीव गुण मिळतात. शास्त्रीय संगीत, नृत्य आणि लोककलेसाठीही सवलतीचे गुण आहेत. योजना चांगली आहे. पण शाळेत शिकवणारंच कोणी नसेल, तर हे गुण खासगी क्लास परवडणाऱ्या घरांतच जाणार.

मग मार्ग काय?
‘आधी गणित-विज्ञानाचे शिक्षक द्या’ हा आक्षेप रास्त आहे. पण एकाची जागा भरण्यासाठी दुसऱ्याचा तास कापावा, असं कुठे आहे? वाचनात अडखळणारं मूल अख्खं गाणं पाठ म्हणत असेल, तर शिक्षकासाठी तीच भाषेची पहिली पायरी आहे.

राष्ट्रीय शिक्षण धोरण, २०२० मध्ये पारंपरिक कलांसाठी स्थानिक जाणकारांना शाळेत नेमण्याची मुभा आहे. केंद्रातील शाळांनी मिळून एक कलाशिक्षक ठेवावा, तो आठवड्यातून एक दिवस प्रत्येक शाळेत जावा आणि सोबत परिसरातील संबळवादक किंवा आराधी असावा. त्यासाठी वर्षातून एकदा शाल-श्रीफळ पुरणार नाही. दरमहा, वेळेवर मानधन हवं. ती तरतूद होत नाही, तोवर कलेचा तास वेळापत्रकाच्या कागदावरच राहील.