मार्गदर्शकाची सही

पदवीदान-समारंभाचे दिवस जवळ आले म्हणजे विद्यापीठांच्या अहवालांतून त्या वर्षीं किती उमेदवारांस पीएच्. डी. ही पदवी मिळाली, याचा आंकडा मोठ्या अभिमानानें छापण्यांत येतो. हा आंकडा वाढला कीं संशोधन वाढलें, अशी समजूत अधिकारी-मंडळींत तर आहेच. पण आमच्या सुशिक्षित कुटुंबांतही ती दृढ होत चालली आहे. परंतु मोठ्या उमेदीनें नांव नोंदवून चौथ्या-पांचव्या वर्षीं काम सोडून निमूटपणें घरीं बसले, असे विद्यार्थी किती आणि ते कोणाच्या हाताखालीं होते, हा आंकडा सहसा छापला जात नाहीं. विद्यापीठाची खरी परीक्षा आमच्या मतें या दुसऱ्या आंकड्यानें व्हावयास पाहिजे. कारण या अपयशाच्या मुळाशीं विद्यार्थ्याच्या मंदबुद्धीपेक्षां मार्गदर्शकाची अनास्थाच पुष्कळदां असते.

कोणी म्हणेल, यासाठीं नियम आहेत. नियम आहेत हें आम्हांसही ठाऊक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानें २००९, २०१६ आणि २०२२ या सालीं ते तीन वेळां केले. एका वेळीं प्राध्यापकानें ८, सहयोगी प्राध्यापकानें ६ व सहायक प्राध्यापकानें ४ यांहून अधिक विद्यार्थी घेऊं नयेत. प्रबंधास निदान ३ वर्षें लागावींत व साधारणतः ६ वर्षांत तो पुरा व्हावा. विद्यार्थ्यानें प्रत्येक सत्रांत सल्लागार समितीपुढें उभें राहून आपल्या प्रगतीचा हिशेब द्यावा. असें सर्व कांहीं तेथें लिहिलेलें आहे. मात्र विद्यार्थ्यानें लिहून दिलेलें प्रकरण मार्गदर्शकानें किती दिवसांत वाचून परत करावें, याविषयीं त्यांत एक अक्षरही नाहीं. हिशेब द्यावयाचा तो विद्यार्थ्यानें! उलट २०१८ च्या नियमांप्रमाणें अध्यापकाच्या निवडीच्या व बढतीच्या वेळीं एक पीएच्. डी. पार पाडल्याबद्दल १० गुण आणि नुसता प्रबंध सादर झाल्याबद्दल ५ गुण मिळतात. गुण पदवीला आहेत, मार्गदर्शनाला नाहींत. ज्यानें प्रत्येक पान तपासलें त्यास जे १० गुण, तेच ज्यानें शेवटच्या पानावर सही मात्र केली त्यास!

मग चांगलें मार्गदर्शन म्हणजे काय? तें फार गूढ आहे असें नाहीं. पहिली गोष्ट विषयाची. नवा विद्यार्थी ‘महाराष्ट्रांतील सहकारी चळवळ : एक अभ्यास’ असा अवाढव्य विषय घेऊन येतो. निष्काळजी मार्गदर्शक ‘ठीक आहे, लागा कामाला’ म्हणून त्यास वाटेस लावतो, आणि बिचारा तीन वर्षें टिपणें काढीत बसतो. जाणता मार्गदर्शक त्याला विचारतो, चळवळीविषयींचा तुमचा प्रश्न कोणता? एक तालुका घ्या, दहा वर्षें घ्या, त्या सोसायट्यांचीं दफ्तरें कोठें आहेत तें पाहून या, मग बोलूं. दुसरी गोष्ट लिहिण्याची. पहिल्याच वर्षीं दहा पानें लिहवून घ्यावीं, म्हणजे विद्यार्थ्याला काय येत नाहीं तें दोघांसही कळतें. लिहिण्याचें काम शेवटच्या वर्षावर ढकलणें म्हणजे पोहणें न शिकवितां मुलाला पुरांत सोडणें होय. तिसरी गोष्ट साधनांची. इतिहासाच्या विद्यार्थ्याला पेशवे दफ्तराचें नुसतें नांव सांगून भागत नाहीं. तेथें शेजारीं बसून मोडी कागदाचें एक पान त्याच्याबरोबर लावावें लागतें. आणि चौथी गोष्ट, जी सर्वांत सोपी असून सर्वांत दुर्मिळ झाली आहे : दिलेलें लिखाण ठरल्या दिवशीं वाचून, समासांत शेरे मारून परत करणें.

याहून कठीण अशी एक कसोटी आहे. ती म्हणजे शिष्याचें मत आपल्याविरुद्ध गेलें असतां मार्गदर्शक काय करतो ही. डॉ. आंबेडकरांचा रुपयासंबंधींचा प्रबंध १९२३ सालीं पुस्तकरूपानें निघाला, तेव्हां लंडनमधील त्यांचे गुरु प्रा. एडविन कॅनन यांनीं त्याला प्रस्तावना लिहिली. सुवर्ण-विनिमय-पद्धतीवरील आंबेडकरांचा रोष आपल्याला मान्य नाहीं, त्यांचे बहुतेक युक्तिवादही पटत नाहींत, असें त्यांनीं तींत उघड सांगितलें; पण शिष्याच्या विचारांतील ताजेपणाची वाखाणणीही तेथेंच केली. मतभेद नोंदवूनही आपलें नांव शिष्याच्या पुस्तकाच्या पाठीशीं उभें करणें, यांत गुरूचा मोठेपणा आहे. उलट इरावतीबाई कर्वे बर्लिनमध्यें ज्यांच्या हाताखालीं शिकल्या, ते ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते होते. कवटीच्या दोन बाजूंतील असमतेचा वंशाशीं संबंध आहे, ही त्यांची कल्पना होती. इरावतीबाईंनीं कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाहीं असें लिहून दिलें. पुढें याच फिशरांची विद्या नाझींच्या वंशनीतीच्या कामीं आली. इरावतीबाईंचें धैर्य वंदनीय आहे. पण सामान्य विद्यार्थ्याला खरें लिहिण्यासाठीं एवढें धैर्य लागूं नये, अशी व्यवस्था करणें हें विद्यापीठाचें काम आहे.

आमच्याकडे ही व्यवस्था होत नाहीं, याचें कारण आम्हीं मार्गदर्शकाला गुरुपदावर बसवून प्रश्न विचारण्याचेंच सोडून दिलें आहे. प्रगतीच्या अहवालावर त्यांची सही, छात्रवृत्तीच्या कागदावर त्यांची सही, प्रबंधावर त्यांची सही. दरमहा ३७,००० रुपयांची छात्रवृत्ति ज्याच्या घरचा आधार आहे, तो विद्यार्थी या सहीपुढें काय बोलणार? मग तो साहेबांच्या परीक्षेचे पेपर तपासतो, त्यांच्या व्याख्यानाचीं टिपणें काढतो, स्टेशनवरून त्यांच्या पाहुण्यांस आणतो, आणि स्वतः लिहिलेल्या लेखावर त्यांचें नांव आधीं घालतो. याला गुरुसेवा म्हणणें ही गुरुशिष्य-परंपरेची विटंबना आहे. त्या परंपरेंत गुरूकडे विद्या होती आणि ती देण्यासाठीं तो शिष्याजवळ बसत होता, एवढें तरी आठवावें.

यावर दोन आक्षेप येतात. एक असा कीं, संशोधक हा प्रौढ माणूस. त्याला बोट धरून कां चालवावें? बोट धरूं नये हें खरें. परंतु वाट चुकली असतां हांक मारण्यासाठीं कोणी तरी पाहत असावें लागतें. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षें रिकाम्या, तासांचें ओझें भारी, कागदपत्रांचा सुकाळ, वाचावें केव्हां? ही तक्रार खरी आहे आणि तिच्याबद्दल सरकारास जाब विचारलाच पाहिजे. पण तिचा निष्कर्ष विद्यार्थी कमी घ्यावे असा निघतो. आठ घेऊन एकाचेंही वाचूं नये असा निघत नाहीं. नियमांतील आठ ही मर्यादा आहे, भरून काढावयाचा कोटा नव्हे.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. प्रत्येक भेटीची तारीख व झालेलें बोलणें दोघांच्या सहीनें नोंदलें जावें. लिखाण महिन्याच्या आंत परत मिळावें. मार्गदर्शक बदलणें हा विद्यार्थ्याचा अपराध समजला जाऊं नये. आणि ज्यांनीं काम सोडलें त्यांना विद्यापीठानें कारण विचारून, मार्गदर्शकाच्या गुणपत्रकांत तेंही मांडावें.

आमच्या वाचकांसही एक विनंति आहे. मुलाला ‘सरांना दुखवूं नकोस’ असें सांगणारे आईबाप घरोघर आहेत. मुलीच्या बाबतींत तर चौथ्या वर्षींच घरचा धीर सुटतो आणि लग्नाच्या गोष्टी सुरू होतात. तसें करूं नये. नांव नोंदविण्यापूर्वीं त्या मार्गदर्शकाच्या जुन्या विद्यार्थ्यांस गांठून एवढेंच विचारावें, ‘ते वाचतात काय?’ पंचविशी-तिशीचीं सहा वर्षें ज्याच्या स्वाधीन करावयाचीं, त्याच्याविषयीं इतकी चौकशी करण्यांत कोणाचाही अनादर होत नाहीं.