घाबरत नाही म्हणणाऱ्यांची भीती

‘मी समलिंगी लोकांना घाबरत नाही, मला ते पटत नाहीत एवढंच, मग मी होमोफोबिक कसा?’ असं विचारणाऱ्याला वाटतं, आपण बिनतोड पेच टाकला. 2012 मध्ये असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेनेही हाच पवित्रा घेतला. फोबिया म्हणजे अनावर, अतार्किक भीती, एक मनोविकार. राजकीय-सामाजिक बातम्यांत तो कुणाला चिकटवू नये, असं तिचं म्हणणं. पुढे ही अट सैल झाली. युक्तिवाद मात्र अजून फिरतोच आहे.

शब्द नुसते व्युत्पत्तीवर तोलायचे तर झेनोफोबियाही मोडीत काढा. परक्यांचा द्वेष करणारा त्यांना पाहून थरथरतो, असं कोण समजतं? पण हे झालं सोपं उत्तर. माझं म्हणणं असं की इथे भीती खरोखरच आहे.

जॉर्ज वाइनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाला हा शब्द सुचला 1960 च्या दशकात, आपल्याच व्यवसायबंधूंकडे पाहून. समलिंगी व्यक्ती नुसती जवळ आली तरी ही शिकलीसवरलेली मंडळी अस्वस्थ होत. 1972 च्या पुस्तकातून त्याने तो रुजवला. तेव्हा अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांची संघटना समलैंगिकतेलाच विकार मानत होती. डिसेंबर 1973 मध्ये तिने ते सोडलं. वाइनबर्गने निदानाचा रोख डॉक्टरांकडेच वळवला, म्हणून तर हा शब्द झोंबतो.

आणि गरज पडली की ही भीती कबूलही केली जाते. 1998 मध्ये वायोमिंगमधल्या लॅरमी इथे मॅथ्यू शेपर्ड या विद्यार्थ्याला कुंपणाला बांधून मारलं. पुढच्या वर्षी आरोपी मॅकिनीच्या वकिलांनी मांडू पाहिलं की शेपर्डने लगट केल्यामुळे अशिलाचा तोल गेला. न्यायाधीशांनी ते चालू दिलं नाही. अशा बचावाला तिकडे ‘गे पॅनिक’ असं नावच आहे. कायद्याने तो बंद करणारं पहिलं राज्य कॅलिफोर्निया, 2014 मध्ये. बाहेर ‘आम्ही कुठे घाबरतो’, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात ‘घाबरलो म्हणून मारलं’!

ग्रेगरी हेरेक या मानसशास्त्रज्ञाचा आक्षेप मात्र मला मान्य आहे: भीती म्हटलं की दोष एकेका माणसाच्या मनात जातो, कायदे आणि संस्था नामानिराळ्या राहतात. आपलं 377 कलम कुणाला घाबरत नव्हतं; 2018 पर्यंत ते प्रौढांच्या राजीखुशीच्या संबंधांनाही गुन्हा ठरवत होतं. तेव्हा मारहाण, घरातून हाकलणं, नोकरीवरून काढणं यांच्या बातमीत सरळ द्वेष किंवा भेदभाव लिहावं. होमोफोबिया ठेवावा तो पंगतीत शेजारचं पान चुकवणाऱ्यासाठी.