डास रात्रीचा, वीजही रात्रीची



पाचोडच्या बैठकीत वीजबिलाचा विषय चालू होता. मागे बसलेल्या एका बाईने मध्येच विचारले, "तुम्ही शेतीचं शिकलेले आहात. रात्री पाणी द्यायला जाताना अंगाला काय लावावं, तेवढं सांगा." काही जण हसले. एका वडीलधाऱ्यांनी परस्पर उत्तर देऊन टाकले, "लिंबाचा पाला जाळा. आपल्या वाडवडिलांना काय डास चावत नव्हते?"

चावत होते, आणि वाडवडील तापाने मरतही होते. १९४७ च्या सुमारास देशात दर साली साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसे दगावत, असा अंदाज आहे. कडुनिंब तेव्हाही दारात उभा होता. वाडवडिलांचा मान ठेवावा, पण त्यांच्या गरिबीला शहाणपण म्हणू नये.

बाईंचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मच्छरदाणी झोपलेल्याच्या कामाची, उदबत्ती बंद खोलीच्या कामाची. मध्यरात्री थ्री फेज आली म्हणून गव्हात दारे धरायला गेलेल्या माणसाला या दोन्हींचा काय उपयोग? ग्रामीण भागात हिवताप पसरवणारा मुख्य डास पाटाच्या, कालव्याच्या संथ पाण्यात वाढतो आणि रात्री चावतो. म्हणजे वीज, पाणी आणि डास तिन्ही एकाच वेळी शेतात हजर. अशा वेळी अंगाला लावायचे औषध एवढाच आधार उरतो.

मग कडुनिंबाचे तेल चालते का? चालते, पण नीट समजून घेतले तर. दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्राने १९९३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. खोबरेल तेलात दोन टक्के लिंबोळी तेल मिसळून अंगाला लावले, तेव्हा हिवतापाच्या डासांपासून बारा तास संरक्षण मिळाले. आता दुसरी बाजू. २००२ साली अमेरिकेत डेंगीच्या डासावर प्रयोगशाळेत चाचणी झाली. तीत सिट्रोनेला गवताच्या तेलाची औषधे सरासरी वीस मिनिटेही टिकली नाहीत. सुमारे २४ टक्के 'डीट' हे रसायन असलेले औषध पाच तास टिकले.

या दोन चाचण्यांत डास वेगळा, तेल वेगळे, पद्धतही वेगळी. म्हणून 'नैसर्गिक चांगले की रासायनिक चांगले' हा वादच चुकीचा आहे. आपण बियाणे घेताना ते देशी की संकरित एवढेच विचारत नाही, एकरी उतारा विचारतो. तसेच इथे विचारायचे : कोणत्या डासावर, किती तास?

आता बाईंना दिलेले उत्तर. शंभर मिली खोबरेल तेलात दोन मिली घाण्याचे शुद्ध लिंबोळी तेल घ्या. आधी कोपराच्या आत लावून एक दिवस पाहा. आग झाली, पुरळ उठले तर वापरू नका. बारा तासांवर विसंबू नका. घाम आला, पाण्यात पाय गेले की पुन्हा लावा. अंगभर कपडे घालाच. कृषी सेवा केंद्रातली फवारणीची निंबोळी अर्काची बाटली अंगाला कधीही लावू नका. तीत मिसळलेली द्रावणे पिकासाठी असतात, कातडीसाठी नसतात. लहान मुलांना लिंबोळी तेल पाजू नका. त्याने झटके येऊन मुले दगावल्याच्या नोंदी आहेत. निलगिरीचे साधे तेलही भरवशाचे नाही. परदेशात मान्यता आहे ती लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून प्रक्रिया करून काढलेल्या औषधाला, आणि तेही तीन वर्षांखालच्या मुलांना लावत नाहीत. विकतचे डीट परवडत असेल तर डबीवरच्या सूचना वाचून बेलाशक वापरा. त्यात कडुनिंबाचा अपमान नाही.

हे वाचून कोणी म्हणेल, मोजमाप कंपन्यांनी करावे, आपल्याला अनुभव पुरे. त्यांनी कडुनिंबाच्या पेटंटची हकीकत आठवावी. लिंबोळी तेलाने पिकावरची बुरशी आवरण्याच्या पद्धतीवर १९९४ साली युरोपात एका अमेरिकी कंपनीला आणि तिथल्या शेती खात्याला पेटंट मिळाले. २००० साली ते रद्द झाले, २००५ साली अपीलही फेटाळले गेले. त्या लढ्यात आपल्या पुणे आणि सांगली जिल्ह्यांत १९८५-८६ साली झालेल्या शेतचाचण्यांची साक्ष कामाला आली. परंपरेचा अभिमान सगळ्यांनाच होता. कामाला आली ती मोजून केलेली चाचणी.

तेव्हा लिंबोळी वेचणाऱ्या बाईपासून तेल विकणाऱ्यापर्यंत सर्वांच्या हिताची एकच मागणी आहे. डासाच्या प्रत्येक औषधावर, मग ते घाण्याचे असो की कारखान्याचे, किती तास टिकते ते छापलेले असावे. ज्या तेलाचे तास सिद्ध झाले, त्याला भाव मागता येतो. नुसत्या पुण्याईला बाजारात भाव नसतो.

आणि शेवटचे. बाईंनी मला तेलाचे विचारले, पण खरे तर त्यांना रात्री शेतात जायचेच नव्हते. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी २०१७ साली सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ साली तिचा दुसरा टप्पा आला. ज्यांच्या वाहिनीवर ती वीज पोहोचली त्यांची रात्र सुटली. ज्यांची सुटली नाही त्यांनी अंगाला तेल जरूर लावावे, पण तेल लावून गप्प बसू नये. रात्रीच्या विजेवर कोणत्याही झाडाचे तेल हा इलाज नाही. पुढच्या बैठकीला येताना आपापल्या वाहिनीचे रात्रीचे वेळापत्रक लिहून आणा. मागणी त्यावरूनच लिहू.