आधी काय, नंतर काय?

इंग्रजीतील भूतकाळ नुसते तक्ते पाठ करून येत नाही. आपल्या भागाचा इतिहास लिहून तो लवकर येतो, असे मला वाटते.

आपण मराठीत म्हणतो, "मी काल डोंगरकड्याला गेलो होतो." उर्दूतही 'गया था' म्हणतो. म्हणून इंग्रजीत 'हॅड गॉन' लिहितो. पण तेथे 'वेंट' हवे. 'हॅड' मुख्यतः एका जुन्या घटनेच्याही आधीची गोष्ट सांगताना येतो.

डोंगरकडा हिंगोली जिल्ह्यात आहे. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. त्यापूर्वी हा भाग परभणी जिल्ह्यात होता. आता लिहा : 'हिंगोली बिकेम अ डिस्ट्रिक्ट इन १९९९. बिफोर दॅट, इट हॅड बीन अ पार्ट ऑफ परभणी डिस्ट्रिक्ट.'

आणखी मागे जा. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. या घटनांचा एक परिच्छेद इंग्रजीत लिहा. क्रियापद चुकले, तर गुण जातील. पण क्रम चुकला, तर इतिहासच बदलेल. म्हणून लिहिण्यापूर्वी स्वतःला विचारा : आधी काय घडले, नंतर काय घडले?