माल नव्हे, गाड्या मोजा : अपोलिपोप्रोटीन आणि आपलं हृदय



"बारीक माणसाला कुठं हार्टअटॅक येतो!" आणि "कोलेस्ट्रॉल नॉर्मल आलंय, आता काळजी नाही." ही दोन वाक्यं आपल्या बीड जिल्ह्यात पारावर, एसटीत, अगदी शाळेच्या ऑफिसातही ऐकू येतात. माझं स्पष्ट मत आहे की दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत आणि त्यांची किंमत आपल्या कष्टकरी घरांना मोजावी लागते. हे समजायला एक अवघड शब्द शिकावा लागेल : अपोलिपोप्रोटीन. घाबरू नका. ज्यानं उसाची गाडी पाहिली, त्याला हा शब्द लवकर कळतो.

अपोलिपोप्रोटीन म्हणजे काय?

तेल पाण्यात मिसळत नाही, हे तिसरीतलं पोरगंही सांगतं. आपल्या रक्तात बहुतेक पाणीच असतं. मग जेवणातली चरबी रक्तातून जाते कशी? गाडीत बसून! ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्ट्रॉल हा झाला माल. तो वाहून नेणारा बारीक गोळा म्हणजे लिपोप्रोटीन, ही झाली गाडी. आणि गाडीचा सांगाडा, शिवाय गेटवर दाखवायची चिठ्ठी, ही दोन्ही कामं करणारं प्रथिन म्हणजे अपोलिपोप्रोटीन. त्याची एक बाजू चरबीला धरते, दुसरी पाण्याला. साबण जसा तेलकट ताट धुतो, तसंच काहीसं.

याचे प्रकार अनेक, पण मुख्य पाच लक्षात ठेवा.

१) अपो-बी : आतड्यातून निघणाऱ्या गाडीवर अपो-बी ४८, यकृतातून निघणाऱ्या गाडीवर अपो-बी १००. एलडीएलवर हेच अपो-बी १०० असतं.
२) अपो-सी २ : 'माल उतरवा' असा हुकूम देतं. मग रक्तवाहिनीच्या भिंतीवरचं विकर ट्रायग्लिसराइड मोकळं करतं.
३) अपो-सी ३ : हेच काम मंदावतं.
४) अपो-ई : माल उतरवून उरलेली गाडी यकृताला ओळखू येते ती याच्यामुळं.
५) अपो-ए १ : एचडीएलचा सांगाडा. पेशींमधलं जादा कोलेस्ट्रॉल गोळा करून यकृताकडं परत न्यायला मदत करतं.

मग बिघडतं कुठं?

कारखान्याच्या काट्यावर उसाचं वजन होतं. पण रस्ता तुंबतो तो गाड्यांच्या संख्येमुळं. तेवढाच ऊस चार ट्रकमध्ये आला तर रस्ता मोकळा, आणि पन्नास बैलगाड्यांत आला तर लांबच लांब रांग. रक्तातही तसंच आहे. एलडीएल कोलेस्ट्रॉलचा आकडा म्हणजे मालाचं वजन. पण धमनीच्या आतल्या भिंतीत घुसून अडकते ती गाडी. तिथल्या तंतूंना अपो-बी चिकटतं, रक्षक पेशी तो माल गिळत बसतात आणि वर्षानुवर्षं थर साचतो. जेवढ्या गाड्या जास्त, तेवढ्या अडकण्याच्या शक्यता जास्त. प्रत्येक एलडीएल गाडीवर अपो-बी एकच असतं, म्हणून अपो-बी मोजलं की गाड्या मोजल्या जातात.

आपल्या लोकांत ट्रायग्लिसराइड जास्त, एचडीएल कमी, असं बऱ्याचदा दिसतं. अशा वेळी एलडीएलच्या गाड्या लहान आणि पुष्कळ असतात. वजन बेताचं, रांग मात्र मोठी! रिपोर्ट नॉर्मल येतो तो असा.

२००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' या ५२ देशांतल्या अभ्यासात हृदयविकाराशी सर्वांत ठळक नातं आढळलं ते अपो-बी आणि अपो-ए १ यांच्या गुणोत्तराचं. त्याच अभ्यासातून हेही दिसलं की दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतरांना जवळपास ५९ व्या.

बारीकपणाचं काय? त्याच वर्षी पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. उंचीच्या मानानं दोघांचं वजन सारखंच, बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! दिसायला बारीक, आतून चरबी. कष्टाचा फायदा होतोच, पण अंगकाठी म्हणजे काही प्रमाणपत्र नव्हे.

बीडच्या बायांचा प्रश्न

आता कळीचा मुद्दा. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या वेळी झालेल्या सर्वेक्षणात आपल्या जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. चर्चा झाली ती ऑपरेशनची. ऑपरेशननंतरच्या हृदयाची किती झाली?

यकृतावर एलडीएल आत घेणारे दरवाजे असतात. ते शोधणाऱ्या ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. इस्ट्रोजेन हे संप्रेरक हे दरवाजे वाढवतं. पिशवीबरोबर अंडाशयही काढलं किंवा त्याचं काम लवकर थांबलं, की इस्ट्रोजेन घटतं, दरवाजे कमी होतात आणि अपो-बीच्या गाड्या रक्तातच फिरत राहतात. म्हणजे तिशी-पस्तिशीतली बाई हृदयाच्या दृष्टीनं पाळी गेलेल्या बाईच्या रांगेत जाऊन बसते. तिला दम लागला तर आपण म्हणतो, "थकली असंल."

म्हणून माझी मागणी साधी आहे. टोळी कारखान्यावर निघण्याआधीच्या तपासणीत लिपिड तपासणी असावी. आणि पिशवी काढलेल्या प्रत्येक बाईचं अपो-बी सरकारी खर्चानं एकदा तरी मोजावं.

तोपर्यंत काय? एक वजाबाकी करा. एकूण कोलेस्ट्रॉलमधून एचडीएल वजा करा. उरतं ते सगळं अपो-बीच्या गाड्यांमधलं कोलेस्ट्रॉल. ही नेमकी मोजणी नाही, पण चांगला अंदाज आहे. समजा एकूण १९०, एचडीएल ३५. बाकी १५५. एकूण आकडा नॉर्मल दिसतोय, पण कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार ही बाकी सर्वसाधारण माणसाची १३० च्या खाली हवी. याच मार्गदर्शनात आनुवंशिक असलेलं लिपोप्रोटीन (ए) आयुष्यात एकदा तपासावं असंही सांगितलंय. बाकी जास्त आली तर औषध स्वतःहून घेऊ नका. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडं जा आणि "अपो-बी करायचं का?" एवढं विचारा.

शिक्षक मित्रांनो, 'आहार' शिकवताना आपण 'स्निग्ध पदार्थ ऊर्जा देतात' इथंच थांबतो. पुढची पाच मिनिटं गाड्यांना द्या. पाण्याची वाटी, तेलाचे थेंब, थोडा साबण एवढं पुरे. वरच्या वर्गातल्या मुलांना ती वजाबाकी गृहपाठात द्या, घरातल्या जुन्या रिपोर्टवरची. आपल्याकडं घरातला रिपोर्ट वाचून दाखवणारं पहिलं माणूस बऱ्याचदा तेच पोरगं असतं.