धर्मकाटा गाडीतच हवा

वऱ्हाडातला शेतकरी कापसाची गाडी जिनिंगवर नेण्याआधी बाहेरच्या धर्मकाट्यावर वजन करून घेतो. आपला आकडा आपल्या खिशात असला की समोरच्या काट्यासमोर ताठ मानेने उभे राहता येते. हाच शेतकरी किंवा त्याचा मुलगा उद्या विजेची मोटार घेऊन अमरावती-नागपूर महामार्गावर चार्जिंगला थांबला, तर आपला आकडा आणणार कुठून? नांदगाव पेठेत १३५० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प उभा आहे. त्याच गावावरून जाणाऱ्या माणसाला आपल्या गाडीत नेमकी किती युनिट वीज गेली, हे मात्र छातीठोकपणे सांगता येत नाही.

मे महिन्यातली दुपार डोळ्यासमोर आणा. पारा पंचेचाळिशीला टेकलेला, चार्जरच्या पडद्यावर थेट ऊन, आकडा वाचायचा तर हाताचा आडोसा करावा लागतो. यंत्रावर पैसे भरण्याचा क्यूआर कोड चिकटवलेला. तो मालकाचा की त्यावर कुणी दुसराच डकवून गेला, हे कळायला मार्ग नाही. अ‍ॅप उघडा, आगाऊ पैसे भरा, ओटीपी टाका, गन लावा आणि थांबा. अर्ध्या-पाऊण तासाने मोबाइलवर बिल येते, त्यावर १८ टक्के जीएसटी. गाडीच्या डॅशबोर्डवर काय दिसते? ‘८० टक्के’. बस्स.

टक्का हे माप नव्हे. समजा, बॅटरी ४० युनिटची आहे. वीस टक्क्यांवरून ऐंशीवर गेली, म्हणजे २४ युनिट भरली. बिल २७ युनिटचे आले, तर वरची तीन गेली कुठे? त्याला रास्त कारणे असू शकतात. उन्हात तापलेली बॅटरी थंड ठेवायला वीज लागते, आत एसी चालू असतो, थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते. शिवाय बॅटरी जुनी झाली की त्याच साठ टक्क्यांत कमी युनिट मावतात. पण कारण रास्त आहे की मापात पाप आहे, हे ग्राहकाला टक्क्यांवरून ओळखता येत नाही.

गंमत अशी, की हा हिशेब गाडीकडे असतोच. जलद चार्जिंगमध्ये किती व्होल्टेजने किती करंट हवा, हे गाडीच चार्जरला क्षणाक्षणाला सांगत असते. त्यांचा गुणाकार आणि बेरीज करून युनिट मांडणे हे पाचवीतले गणित आहे. काही गाड्या चार्जिंगचा वेग किलोवॉटमध्ये दाखवतात, तेवढ्यावर भागवतात. वेग अचानक पडला तर तो बॅटरी तापल्यामुळे की स्टेशनच कमी वीज देते आहे म्हणून, हे सांगायची तसदी सहसा कुणी घेत नाही. गाणी, नकाशे, दिव्यांचे चौसष्ट रंग यांसाठी हातभर पडदा आहे. पावतीपुरती एक ओळ त्यात बसत नाही!

या ओळीचा संबंध सुरक्षेशीही आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियात मॉस्को-सेंट पीटर्सबर्ग महामार्गावरचे चार्जर बंद पडले आणि त्यांच्या पडद्यांवर पुतिनविरोधी मजकूर फिरू लागला. सुट्या भागांच्या युक्रेनी पुरवठादाराने यंत्रात मागचे दार ठेवले होते, असे ते जाळे चालवणाऱ्यांनी सांगितले. त्याच वर्षी इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर सरकारी पार्किंगमधल्या चार्जरांवर अश्लील संकेतस्थळ झळकले. आपल्याकडेही चार्जिंग स्टेशनांशी संबंधित उत्पादने व अ‍ॅप यांतल्या त्रुटींची माहिती सर्ट-इन या केंद्रीय संस्थेकडे आल्याचे नितीन गडकरी यांनी मार्च २०२३ मध्ये संसदेत सांगितले होते. पडद्यावर भलताच मजकूर आला तर निदान दिसतो तरी. आकड्यात केलेला फेरफार दिसत नाही. तो पकडायचा तर यंत्राच्या बाहेर, ग्राहकाच्या ताब्यात, दुसरी नोंद हवी. ती जागा डॅशबोर्डची.

जर्मनीने हा प्रश्न वजन-मापाच्या कायद्याने सोडवला. तिथल्या सार्वजनिक चार्जरला मीटरच्या नोंदीवर डिजिटल सही करावी लागते आणि ती खरी आहे की नाही, हे ग्राहकाला स्वतः पडताळता येते. आपल्या पेट्रोल पंपांना वैधमापन विभागाचा शिक्का लागतो. लिटरला जी शिस्त, ती युनिटला का नको? महाराष्ट्राच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे ठरले आहे. चांगलेच आहे. पण किती स्टेशने उभारली याबरोबरच किती तपासली, हेही सरकारने दरवर्षी जाहीर करावे.

मागणी फार मोठी नाही. पैसे भरण्याचा कोड स्टिकरवर नको, यंत्राच्या पडद्यावर दर वेळी नवा यावा. पडदा उन्हात वाचता यावा आणि त्यावरची भाषा मराठीही असावी. गाडीने किती युनिट घेतली, त्यातली थंडाव्याला किती गेली आणि वेग कुणामुळे कमी झाला, हे डॅशबोर्डवर लिहून यावे आणि ती नोंद जपून राहावी. बहुतेक नव्या गाड्यांत हे सॉफ्टवेअरच्या एका अपडेटने होण्यासारखे आहे. कंपन्या आपणहून करणार नसतील, तर गाडीला मंजुरी देतानाच ही अट घालावी. काटा ज्याचा, त्याच्याच तोंडून वजन ऐकायचे, हा व्यवहार वऱ्हाडाने कापसात पुरेसा सोसला आहे. विजेत तो पहिल्या दिवसापासून नाकारायला हवा.